मुक्ताबाईचा पालथा कप

हवालदार केरू पेन्शनीत निघाला तेव्हा त्याच्या कॅप्टनसाहेबानं विचारलं, "बोल, तुझ्यासाठी काय करू?" अशा वेळी शहाणा माणूस नोकरीची चिठ्ठी मागतो, नाहीतर पोराची सोय लावून घेतो. केरूनं काय मागावं? म्हणाला, "साहेब, बायकोला घेऊन तीन दिवस कुठंतरी राहायचंय. जिथं आमच्या घरचं कुणी नसेल आणि तिला चूल पेटवावी लागणार नाही." साहेब हसला, पण माणूस शब्दाचा पक्का होता. त्याच्या ओळखीनं राणीच्या बेटावरच्या बंगल्याची चिठ्ठी मिळाली, आणि सदुसष्ट सालच्या संक्रांतीनंतर आठ दिवसांनी मुक्ताबाई फडक्यात भाकरी बांधून नवऱ्यामागून यष्टीत चढली.

भाकरी बरोबर कशाला? तिथं जेवण मिळतं, हे केरूनं तिला दहादा सांगितलं होतं. "मिळालं तर मिळालं," ती म्हणाली. "असू द्या."

सासू बनाबाई दारात उभी होती. "बेटावर काय हाय रं? शेत हाय, का म्हसरं हायत?"

"काय न्हाई, आये."

"मग कशाला जायाचं?"

केरूनं पिशवी उचलली आणि वाटेला लागला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. वर्षातनं दोन महिने रजा. म्हणजे सगळा मिळून तीन वर्षांचा संसार, आणि तोही आठ माणसांच्या एका खोलीत. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर एकानं शेणी रचायला जायचं आणि दुसऱ्यानं काहीतरी शोधायच्या निमित्तानं मागनं यायचं. दोन पोरं झाली ती कशी झाली, देव जाणे. आणि देवही केरूनं दहा वर्षांपूर्वी घरातनं बाहेर काढले होते.

ते दहा वर्षांपूर्वीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आष्ट्याजवळच्या त्यांच्या मळेवाडीतल्या म्हारवाड्यानं सत्तावन्न साली धम्माची दीक्षा घेतली. केरू मुद्दाम रजा काढून आला होता. दुसऱ्या दिवशी तो बाजाराच्या गावी चहाच्या हॉटेलात गेला. तिथली रीत सगळ्यांना ठाऊक होती. म्हारामांगांचे कप बाहेरच्या कोनाड्यात. आपण आपला कप काढायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, कप विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. केरूनं कोनाड्यातले तिन्ही कप एकापाठोपाठ दगडावर आपटले, त्यांची भरपाई गल्ल्यावर ठेवली आणि आत बाकड्यावर जाऊन बसला. त्यावरून महिनाभर तणातणी चालली. मारामारी व्हायची ती फौजी वर्दीमुळं टळली म्हणायची. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "आजपासनं आपला कप बाहेर न्हाई. तुझा कप मला बाहेर दिसला, तर त्या दिशी मी काय करीन, माझं मलाच ठावं न्हाई."

मुक्ताबाईनं मान डोलावली. केरू परत पलटणीत गेला. बाजार तिलाच करायचा होता.

राणीचं बेट म्हणजे कृष्णेच्या पात्रात उभा राहिलेला जमिनीचा एक तुकडा. दोन्ही अंगांनी पाणी, मध्ये जांभळी आणि करंजाची झाडं, आणि त्या झाडीत लाल कौलांचा दोन खोल्यांचा बंगला. संस्थानं होती तेव्हा कुणी एक राणीसाहेब तिथं हवा खायला यायची. संस्थानं गेली, राणी गेली, बंगला सरकारात जमा झाला. आता चिठ्ठी असेल त्याला तिथं राहता यायचं. बंगला, होडी आणि चूल या तिन्हींचा कारभार एकच म्हातारा बघायचा. त्याचं नाव पीरमहंमद. पांढरी दाढी, अंगात स्वच्छ धुतलेला पण कोपरावर ठिगळ लावलेला कोट. राणीच्या मुदपाकखान्यात तो पंधराव्या वर्षी लागला होता आणि आता साठीला आला होता.

होडी काठाला लागली तशी तो उतरला. केरूनं चिठ्ठी दिली. म्हाताऱ्यानं ती वाचली, मग मुक्ताबाईकडं वळून कपाळाला हात लावला. "सलाम, बाईसाहेब."

मुक्ताबाईनं मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. नुसता ऊस उभा होता.

तिला खरोखर धक्का बसला. छत्तीस वर्षांच्या जन्मात तिला कुणी सलाम केला नव्हता. होडीत बसल्यावरही ती काठाकडं बघत राहिली, आणि केरू मिशीतल्या मिशीत हसत होता. हेच तर त्याला बघायचं होतं. ह्या तीन दिवसांत आपली जात कुणी विचारणार नाही, बायको खुर्चीत बसेल आणि दुसरं कुणीतरी तिला चहा आणून देईल, एवढ्यासाठी त्यानं नोकरीची चिठ्ठी सोडली होती. भोळा म्हणायचा का खुळा, तुम्हीच ठरवा.

पडवीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या. मुक्ताबाई जमिनीवर बसायला गेली. केरूनं दंडाला धरून तिला खुर्चीत बसवलं. ती कडेला टेकली, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं अशी. पीरमहंमदनं चहा आणला. पांढरे कप, निळी किनार, खाली बशी. तिच्या हातात कप देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि तिनं चटका बसल्यागत हात मागं घेतला. चहा बशीत सांडला. म्हाताऱ्यानं वर बघितलं.

चहा झाला. केरू पिशवी उघडायला आत गेला. आणि मुक्ताबाईच्या हातांनी, तिला विचारल्याशिवाय, लहानपणापासून करत आले होते तेच केलं. ती कपबशी घेऊन मागच्या अंगाला नदीवर गेली, रेतीनं घासली, तीनदा विसळली आणि स्वैपाकखोलीच्या मागच्या बुटक्या भिंतीवर कप पालथा घातला. पीरमहंमद दारातच होता. म्हणाला, "बाईसाहेब, द्या इकडं, मी ठेवतो."

"नगं. हितंच असू द्या," ती म्हणाली. "मला चहा देताना ह्योच कप देत चला."

आता तुम्ही म्हणाल, बाई येडी का काय? येडी नव्हती, शहाणी होती. शहाणी होती म्हणून तर हा घोळ झाला. तिनं मनाशी हिशेब घातला होता. अनोळखी जागा, चिठ्ठीवर नुसतं 'हवालदार' लिहिलेलं. उद्या म्हातारा विचारणार, गाव कुठलं, वाडा कुठला. त्याला कळणार, आणि मग तो केरूच्या तोंडावर कप बाहेर ठेवणार. त्या दिवशी केरू काय करेल ते केरूलाही ठाऊक नव्हतं. त्यापेक्षा आपणच आधी बाजूला झालो, तर बाजूला हो असं कुणी म्हणणार नाही. केरू मागच्या अंगाला येतोय कशाला? त्याचे तीन दिवस गोडीत जातील. तिला तेवढंच हवं होतं.

म्हणून रात्रीच्या जेवणाला पीरमहंमदनं मटणाचा रस्सा केला तेव्हा तिनं फडक्यातली भाकरी सोडली. "मला सोसत न्हाई," म्हणाली. केरू एकटाच चापून जेवला. सकाळी पाणी हवं होतं तर ती स्वैपाकखोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि ओंजळ पुढं केली. म्हाताऱ्यानं तांब्या पुढं केला. तो तिनं धरला नाही. "वरनं वता," म्हणाली. पडवीत म्हातारा ताट घेऊन आला की ती पदर सावरून चार पावलं बाजूला व्हायची, पदर त्याला लागू नये म्हणून. आपलं ताट तिनं त्याला कधी उचलू दिलं नाही.

आणि एवढं करूनही म्हातारा बदलत चाललेला तिला दिसत होता. पहिल्या दिवशी तो आपणहोऊन राणीच्या गोष्टी सांगत होता. राणी गळाला लागलेला मासा कसा परत पाण्यात सोडायची, ते त्यानं हात हलवून हलवून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तो विचारल्याखेरीज बोलेना. ताट ठेवायचा ते लांबूनच, आणि ठेवून लगेच मागं सरायचा. कळलं ह्याला, तिच्या मनानं घेतलं. कुणीतरी सांगितलं असणार. नाहीतर आपल्या बोलण्यावरनं ओळखलं.

खरं सांगायचं तर तिचे ते दोन दिवस जन्मातले सगळ्यात सुखाचे दिवस होते, आणि त्याच दोन दिवसांत तिला जेवढं भ्याव वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं. दुपारी जांभळीखाली बसून केरू तिला लडाखच्या बर्फाच्या गोष्टी सांगायचा. थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते, म्हणायचा. "काईबी सांगता," ती म्हणायची आणि तोंडावर पदर न घेता हसायची. दिवसाढवळ्या त्यानं तिचा हात हातात धरला आणि तिनं तो सोडवला नाही. एकदा तो म्हणाला, "मुक्ता, हितं बघ, हाय का कुनी इचारणारं? मी म्हनत हुतो न्हवं, जग बदललंय." ती 'व्हय' म्हणाली. तिची नजर मात्र मागच्या भिंतीकडं होती. तिथनं तिचा पालथा कप नाहीसा झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. पडवीत ऊन आलं होतं. केरू दाढी करून, कोट चढवून बसला होता. शेजारच्या खुर्चीत मुक्ताबाई, आता जरा मागं टेकून. पीरमहंमद तबक घेऊन आला. तबकात एकच कप होता, केरूचा. तो त्यानं टेबलावर ठेवला. मग परत आत गेला आणि फडक्यात धरून एक पितळी पेला घेऊन आला. घासून सोन्यासारखा लखलखीत केलेला पेला. तो त्यानं टेबलावर ठेवला नाही. पडवीच्या अगदी कडेला, पायरीवर ठेवला, वरून चहा ओतला आणि हात जोडून लांब उभा राहिला.

मुक्ताबाईनं ती पायरी ओळखली. असल्या पायऱ्यांवर तिची आई बसली होती, ती स्वतः बसली होती. तीन दिवस जिवाचा आटापिटा करून जे टाळलं, ते निघायच्या घटकेला समोर येऊन उभं राहिलं होतं.

केरूनं कप खाली ठेवला. त्याचा आवाज एवढासाही चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "ह्यो पेला कुनाचा?"

"बाईसाहेबांचा, साब."

"आनि कप?"

"कप त्येंना चालत न्हाई. भितीवरचा मीच उचलून ठेवला."

"चालत न्हाई का तुला द्यायाचा न्हाई?" केरू उठला. खुर्ची मागं पडली. "सरळ बोल. त्यो पायरीवर का ठेवलास?"

म्हाताऱ्यानं जोडलेले हात आणखी वर नेले. "साब, गुन्हा झाला आसंल तर माफी करा. पण पेला नवा हाय. माझ्या बायकोच्या माहेरचा, कदी वापरला न्हाई. काल चिंच लावून घासलाय. फडक्यानं धरून आणलाय, माझा हात कुटं लागू दिला न्हाई. बाईसाहेबांना माझा इटाळ हुतोय त्ये मला पैल्याच दिशी कळलं. आपला कप त्या येगळा ठेवत्यात, माझ्या हातनं पानी घेत न्हाईत, मी गेलो तर पदर सावरून बाजूला हुत्यात. त्येंचं बराबर हाय, ज्येचा त्येचा धरम. माझी एकच अर्जी हाय साब, वहीत लिऊ नका."

"कसली वही?"

"शेऱ्याची. मागं एका पाव्हण्यानं लिवलं, खानसामा मुसलमान आहे, पाण्याची वेगळी सोय नाही. आता आनखी एक तसला शेरा आला तर दुसरा मानूस नेमतील. पंचेचाळीस वर्सं झाली मला हितं. ह्या वयात कुटं जाऊ?"

केरूला काहीच उमगेना. तो पेल्याकडं बघत होता, म्हाताऱ्याकडं बघत होता, आणि मग हळूहळू त्यानं बायकोकडं मान वळवली.

मुक्ताबाईला मात्र सगळं एका दमात उमगलं, आणि पायरीवरचा पेला बघून बसला होता त्याच्या दसपट धक्का तिला आता बसला. म्हातारा तिला खालची समजत नव्हता. तो स्वतःला खालचा समजत होता. तीन दिवस ती त्याच्या तोंडापुढं पालथा कप ठेवत होती, आणि तीन दिवस हा साठीचा माणूस तो अपमान गिळत होता. तिच्या हातानं कुणाचा अपमान होऊ शकतो, हेच तिला कधी खरं वाटलं नसतं. तिच्या हाताला तेवढी किंमत आहे, असं कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

"बाबा," ती उठून उभी राहिली. "तुमचा इटाळ मला न्हाई. आमचाच लोकास्नी हुतोय. आमी म्हारवाड्यातली. बौद्ध झालोय आता, पण कप बाहीर ठेवायची सवं गेली न्हाई हाताची. तुमाला कळंल आनि मग ह्येंच्या म्होरं तुमी माझा कप बाहीर ठेवशीला, ह्या भ्यानं मीच ठेवत हुते."

एवढं बोलून ती रडायला लागली. केरूनं तिला गप्प केलं नाही. तो पडलेली खुर्ची उचलून तीत मटकन बसला. "धा वर्सं," म्हणाला. "धा वर्सं झाली, मुक्ता. मी तिकडं बर्फात सगळ्यास्नी छाती फुगवून सांगत हुतो, माझ्या घरात आता कुनी कप बाहीर ठेवत न्हाई म्हनून."

"तुमी धा म्हयनं तिकडं," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "बाजारात मी जात हुते."

केरूनं खाली मान घातली. कोनाड्यातले कप फोडून तो पलटणीत निघून गेला होता. त्याच्यामागं हॉटेलवाल्यानं दुसरे आणून ठेवले असतील, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पीरमहंमद अजून तसाच उभा होता. त्याचे जोडलेले हात सुटले होते, पण चेहरा सैल पडायच्या ऐवजी आणखी ओढल्यासारखा झाला होता. तो पायरीवर बसला, पेल्याच्या शेजारी.

"मला कळायला पायजे हुतं," तो म्हणाला. "माझ्या बापाचं शिराळ्याकडं बाजाराच्या गावी हाटेल हुतं. कोनाड्यातलं कप बघायचं काम माझं. वरनं चा मीच वतायचो. धार जरा खाली गेली तर बाप हातावर उलथनं मारायचा. पालथा कप मी हजार डाव बघितलाय, बाई. पन तुमी खुर्चीत बसला हुता. साब तुमच्या शेजारी कोट घालून. खुर्चीत बसलेल्या बाईचा कप पालथा बघितला, आनि मला वाटलं, मीच नीच हाय."

मुक्ताबाईनं त्याच्याकडं बघितलं. हा माणूस वरनं चहा ओतणारा होता. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही. लहानपणी एकदा धार चुकून तिचा पंजा भाजला होता, तो डाग अजून होता. पण तीन दिवस ह्याच म्हाताऱ्याला तिनं लांब उभं केलं होतं, त्यामुळं तो राग तिला धड धरताही येईना. ती म्हणाली, "हात भाजला हुता माझा एकदा."

"आसंल," तो म्हणाला. "मी नसंन, माझ्यासारखा दुसरा कोन आसंल. तरी मीच म्हना."

नदीपलीकडच्या गुऱ्हाळाचा वास येत होता. शेवटी केरूनं चेहरा पुसला आणि म्हणाला, "खानसामा, वही आना. आनि चा गार झालाय. तीन कप आना."

म्हातारा आत गेला. वही आली. केरूनं जपून एकेक अक्षर काढत लिहिलं: 'तीन दिवस राहिलो. खानसाम्याच्या हातचं जेवण फार चांगलं. पाणी एकच होतं आणि ते गोड होतं.' खाली सही केली, हवालदार केरू, मळेवाडी. थोडा वेळ थांबला आणि नावापुढं 'बौद्ध' असं लिहिलं. मुक्ताबाईला वाचता येत नव्हतं. त्यानं तिला दोनदा वाचून दाखवलं.

मग चहा आला. पांढरे तीन कप, निळी किनार. पीरमहंमद उभ्यानंच पीत होता. केरूनं त्याला पायानं स्टूल सरकवलं तेव्हा तो बसला. मुक्ताबाईनं चहा संपवला आणि तिचा हात आपसूक कपबशीकडं गेला. नदीवर न्यायची, रेतीनं घासायची. केरू म्हणाला, "ठेव." एवढंच म्हणाला. तिनं हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला. उष्टा कप तसाच टाकून उठणं तिला अंगावरचं लुगडं टाकून उठण्यासारखं वाटत होतं.

ती उठली. पायऱ्या उतरली. होडीपाशी जाऊन उभी राहिली, आणि राहवेना म्हणून मागं वळली.

पीरमहंमद टेबल आवरत होता. कोनाड्यातले कप लांबूनच विसळायला लावणारा हॉटेलवाल्याचा तो पोरगा. त्यानं हॉटेलातल्या पोऱ्यासारखी उजव्या हाताची तीन बोटं तिन्ही उष्ट्या कपांत घातली, एकाच मुठीत ते उचलले आणि आत घेऊन गेला. मुक्ताबाई डोळे ताणून बघत होती. त्या तिन्हींतला तिचा कुठला, ते तिला ओळखता आलं नाही.